तबला शिकताना सर, व्हिडिओ आणि लेहऱ्याचं ॲप: कोणाकडून काय घ्यायचं आणि कधी

तबला शिकणाऱ्यांची हल्ली एक ठरलेली वाट झाली आहे. आधी यूट्यूबवर बघून तीनताल, मग केहरवा, मग एखादा कायदा (ठरावीक बोल फिरवत वाढवायची रचना), आणि वर्षभराने "आता जरा सरांकडून पक्कं करून घेऊ" म्हणत क्लास. सर पहिल्याच दिवशी सांगतात, ‘ना’ या अगदी पहिल्या बोलापासून सुरुवात करू. विद्यार्थ्याला वाटतं, आपलं वर्ष पाण्यात गेलं म्हणतायत. सरांना वाटतं, बसलेला हात मोडून पुन्हा बसवायचा म्हणजे नवख्यापेक्षा दुप्पट मेहनत. सरांचं बरोबर असतं.

दुसरी मंडळी याच्या उलट. आठवड्यातून एकदा क्लासला जायचं, घरी तबल्यावरचं कापड काढायचं नाही, आणि फोनवर लेहरा (लय धरायला पुन्हा पुन्हा वाजणारी पेटी-सारंगीची ओळ) लावणं म्हणजे काहीतरी कमी दर्जाचं समजायचं. त्यांचा हात चांगला असतो, पण लय कुठेच टिकत नाही.

दोन्हीकडे क्रमच चुकलेला असतो. हात माणसाकडून बसवून घ्यायचा, रियाज यंत्रासोबत करायचा, तो तपासून पुन्हा माणसाकडूनच घ्यायचा, आणि पडद्यावरून नवी रचना उचलायची ती सगळ्यात शेवटी. नोकरी-संसार सांभाळून मोठेपणी शिकणाऱ्यांना आणि मुलांना क्लासला घालणाऱ्या आईवडिलांना डोळ्यांसमोर ठेवून पुढचे टप्पे लिहिले आहेत. वाजवणारा उजवा आहे असं धरलं आहे. डावरे असाल तर बाजू बदलून वाचा.

## १. तबला घेण्याआधी शिक्षक शोधा

बहुतेक जण आधी ऑनलाइन जोडी मागवतात आणि मग शिक्षक शोधतात. हे उलटं करा. कोणत्या सुराचा तबला घ्यायचा, हे पुढे काय वाजवणार यावर ठरतं आणि ते सरच सांगू शकतात. सव्वापाच ते साडेपाच इंचांच्या तोंडाचा तबला साधारण पेटीच्या काळी एक पट्टीच्या आसपास लागतो. काळी चार-पाचला लावायचा तर तोंड मोठं हवं. लहान तोंडाचा तबला त्या खालच्या सुरावर उतरवला की तो सैल पडतो आणि ‘ना’ला टणत्कार राहत नाही. मग विद्यार्थी जोर लावून तो टणत्कार काढायला बघतो आणि हात बिघडायला तिथूनच सुरुवात होते.

शक्य असेल तर सरांना किंवा क्लासमधल्या जुन्या विद्यार्थ्याला दुकानात बरोबर न्या. एकटेच जाणार असाल, तर चाटेवर, म्हणजे तोंडाच्या कडेच्या पट्टीवर, सोळाही घरांपाशी (कडेच्या सोळा भागांपाशी) वाजवून बघा. सूर सगळीकडे साधारण एकच यायला हवा. शाईवर (मधल्या काळ्या गोलावर) बारीक जाळीसारख्या भेगा दिसल्या म्हणून तबला नाकारू नका, त्या असाव्याच लागतात. काठाकडून शाईचे कण सुटत असतील, तर मात्र तो घेऊ नका.

शिक्षक निवडताना घराणं आणि बिरुदं यांच्या फंदात फार पडू नका. तीन गोष्टी विचारा. पहिल्या महिन्यात पढंत (बोल तोंडाने म्हणणं) करून घेता का? तासात माझा एकट्याचा हात किती वेळ ऐकाल? आणि तासाचं रेकॉर्डिंग केलेलं चालेल का? पंधरा जणांनी एकदम ‘धा धिं धिं धा’ वाजवायचा क्लास मुलांना मजेचा वाटतो, पण त्यात तुमचा ‘ना’ दाबला जातोय की मोकळा निघतोय, हे कोणालाच कळत नाही. तुम्हालाही नाही. गटातच शिकायचं असेल, तर निदान दर तासाला दोन-तीन मिनिटं एकट्याने वाजवायला मिळतील असं ठरवून घ्या.

रेकॉर्डिंगला काही शिक्षक नाही म्हणतात. ते त्यांचं मत आहे, त्यावर वाद घालू नका. मग तास संपताच तिथेच बसून बोल वहीत उतरवा आणि एकदा त्यांना म्हणून दाखवा.

सावध: पहिल्या काही महिन्यांत स्वतः हातोडी चालवू नका. तबला उतरला असेल तर लेहऱ्याच्या ॲपचा सूर तबल्याला जुळवून घ्या, ॲपमध्ये तो सहज खाली-वर करता येतो. गजऱ्यावर (कडेच्या वेणीवर) वेडेवाकडे ठोके पडून पुडी (वरचं कातडं) फाटली की नवी बसवून घेण्याचा खर्च, आणि तोपर्यंत रियाज बंद.

## २. पहिले सहा-आठ आठवडे: हात फक्त माणसासमोर

या टप्प्यावर रेंगाळतोय, कारण पुढचं जवळजवळ सगळं यावर उभं आहे.

तबल्याचा बोल म्हणजे फक्त कुठे मारायचं एवढंच नसतं. मारल्यावर बोट केव्हा उचललं, न मारणाऱ्या बोटांनी काय केलं, आणि वजन खांद्यातून आलं की मनगटातून, यावर आवाज ठरतो. यातलं निम्मं कॅमेऱ्यात दिसतच नाही. ‘ना’ घ्या. तर्जनी चाटेवर पडते आणि लगेच उठते. अनामिका शाईच्या काठाशी हलकी टेकलेली असते आणि मधलं बोट मोकळं. व्हिडिओत तर्जनी दिसते, म्हणून सगळे तर्जनीच शिकतात. खरं काम अनामिका करते. ती जास्त दाबली तर ‘ना’ बसका येतो आणि उचलली गेली तर नको असलेली घुमार राहते. तिचा दाब किती हवा, हे सांगून कळत नाही. सर तुमचा हात धरतात, किंवा आपलं बोट तुमच्या बोटावर ठेवतात, आणि एका क्षणी आवाज मोकळा होतो. तो क्षण कोणताही पडदा देऊ शकत नाही.

डग्ग्याचंही, म्हणजे डाव्या हाताच्या वाद्याचंही, तसंच. मनगटाचा तळ शाईमागच्या रुंद मैदानावर (शाई आणि चाट यांमधल्या कातड्यावर) टेकलेला, बोटं कमानीसारखी उभी, आणि ‘घे’ बोटांच्या टोकांनी. व्हिडिओ बघून शिकलेले बहुतेक जण पंजा सपाट ठेवून थापटतात. फोनच्या स्पीकरला खालचे आवाज नीट पेलत नाहीत, त्यामुळे व्हिडिओतला ‘घे’ त्यांना पुसट ऐकू येतो. तो पुसट वाटला म्हणून ते स्वतःचा डग्गा आणखी जोरात ठोकतात. तबल्याचं काहीही ऐकायचं असेल तर इअरफोन लावूनच ऐका, ही सवय पहिल्या दिवसापासून हवी.

या आठवड्यांत क्रम असा ठेवा. आधी ‘ना’ आणि ‘तिं’ वेगळे. ‘ना’ चाटेवर, ‘तिं’ चाट सोडून मैदानावर शाईलगत. डोळे मिटूनही दोन्हींतला फरक स्वतःला कळला पाहिजे. मग ‘ते टे’ म्हणजे शाईवरचे बंद बोल. मग डग्ग्याचा ‘घे’ आणि ‘क’, एकटे. हे सगळं सुटं सुटं स्वच्छ निघालं की ‘धा’ आणि ‘धिं’. ‘धा’ म्हणजे ‘ना’ आणि ‘घे’ एकाच क्षणी. दोन हात किंचित मागेपुढे पडले तर ‘धा’ऐवजी ‘घ्ना’ ऐकू येतो. बहुतेकांचा डग्गा आधी पडतो. त्यांना ते स्वतःला ऐकू येत नाही, बाहेरच्याला लगेच येतं.

घरी रोज वीस-पंचवीस मिनिटं पुरतात, पण ती रोज हवीत. रविवारी दोन तास बसून आठवड्याची भरपाई होत नाही, उलट थकलेल्या हाताला चुकीचं वळण लागतं.

या काळात मोठ्या कलाकारांचा तबला ऐकायला मुळीच मनाई नाही. अहमदजान थिरकवा, अल्लारखा, झाकीर हुसेन, सुरेश तळवलकर, कोणालाही भरपूर ऐका. फक्त ऐकल्यावर लगेच तबल्याकडे वळून ‘तसं’ वाजवायला बघू नका.

तपासा: दहा ‘ना’ एका लयीत वाजवा. दहाही आवाज सारखे आले का? मधलाच एखादा बसका आला तर अनामिकेकडे बघा, तर्जनीकडे नाही.

सावध: पायाला मुंग्या येणं सवयीने कमी होतं. मनगट, कोपर किंवा बोटांचा सांधा दुखायला लागला तर तिथेच थांबा आणि पुढच्या तासाला सरांना दाखवा. दुखत असताना रेटलेला रियाज हात आणखी आवळतो.

## ३. पढंत: इथे फोन कामाचा

हात बसत असतानाच बाजूला तोंड आणि टाळी सुरू करा. यासाठी तबला लागत नाही. लोकलमध्ये मनातल्या मनात होतं, स्वयंपाक करताना मोठ्याने होतं.

तीनताल सोळा मात्रांचा, चार-चार मात्रांचे चार विभाग. टाळी पहिल्या, पाचव्या आणि तेराव्या मात्रेला, काल म्हणजे खाली (टाळी न देता हात नुसता उघडून दाखवायची जागा) नवव्या मात्रेला:

धा धिं धिं धा । धा धिं धिं धा । धा तिं तिं ता । ता धिं धिं धा

फोनवर साधा मेट्रोनोम लावा, मिनिटाला साठ ठोके, म्हणजे सेकंदाला एक मात्रा. हाताने टाळी-खाली दाखवत बोल म्हणा. मग टाळी त्याच लयीत ठेवून बोल दुप्पट, म्हणजे दुगुन. हात न बिचकता दुगुनीत जाऊन पुन्हा मूळ लयीत येता आलं, की पुढे.

इथे हमखास होणारी चूक डग्ग्याची. खाली नवव्या मात्रेला आहे, म्हणून शिकणारे डग्गाही तिथेच बंद करतात आणि तेराव्याला उघडतात. ठेका, म्हणजे वरची बोलांची ओळ, नीट वाचा. नवव्या मात्रेवर ‘धा’ आहे, म्हणजे डग्गा अजून चालू आहे. तो बंद होतो दहाव्याला, आणि उघडतो चौदाव्याच्या ‘धिं’ला. तेराव्यावर ‘ता’ आहे. पढंत स्वच्छ असेल तर हात आपोआप बरोबर पडतो. म्हणून परीक्षेलाही हातावर टाळी देऊन बोल म्हणायला लावतात.

तीनतालानंतर लगेच दादरा आणि केहरवा घ्या. भजनाला, भावगीताला तेच लागतात. रूपक मागे ठेवा, त्याची सम (पहिली मात्रा) खालीच्या जागीच असल्यामुळे नवखा माणूस गोंधळतो.

बोल वहीत लिहिताना एकच पद्धत धरा. भातखंडे पद्धतीत समेला × आणि खालीला ०. पलुस्कर पद्धतीत समेला १ आणि खालीला +. एका वेबसाइटवरचं + आणि दुसऱ्या पुस्तकातलं × एकाच पानावर उतरवलं की खाली समेच्या जागी जाऊन बसते. सरांची पद्धत विचारा आणि बाहेरून उतरवलेलं सगळं त्याच पद्धतीत करून घ्या.

## ४. लेहरा लावा, ठेका नाही

आता यंत्राचं खरं काम. पण बहुतेक जण चुकीचं यंत्र लावतात. गायकांच्या रियाजासाठी जी ॲप आणि पेट्या आहेत, त्या तानपुरा आणि तबल्याचा ठेका देतात. तबला शिकणाऱ्याने त्याच ठेक्याबरोबर वाजवायला घेतलं, तर ॲपचा तबला त्याचा तबला झाकून टाकतो. आपण फार छान वाजवतोय असं वाटतं, कारण ऐकू येतो तो दुसऱ्याचा हात. तबला शिकणाऱ्याला लेहरा हवा. पेटीवर किंवा सारंगीवर सोळा मात्रांची एक ओळ पुन्हा पुन्हा येते, ठेका नसतो, लय तुम्ही धरायची असते.

तीनतालाचा चंद्रकंस रागातला लेहरा सहज मिळतो. कोणताही एकच निवडा आणि महिनाभर तोच ठेवा. रोज नवा लेहरा लावला तर निम्मा वेळ सम शोधण्यात जातो.

क्रम असा:

१. तबल्याला हात न लावता लेहरा पाच-सहा आवर्तनं (सोळा मात्रांचे फेरे) ऐका आणि फक्त समेला टाळी द्या.
२. मग चारही विभाग टाळी-खालीने दाखवा.
३. मग पढंत.
४. मग तबल्यावर ठेका, एका लयीत, निदान दहा मिनिटं, काहीही न बदलता.

चौथ्या पायरीचा सगळ्यांना कंटाळा येतो. तिसऱ्या मिनिटाला हात काहीतरी करून बघायला लागतो, कुठे ‘तिरकिट’ घाल, कुठे डग्गा घुमव. तसं करू नका. ठेका दहा मिनिटं सरळ धरता येणं हाच या टप्प्याचा अभ्यास आहे. भजनी मंडळात साथीला बसलात तर बुवा तुमच्याकडून तेवढीच अपेक्षा ठेवतात.

लय वाढवायची ती आठवड्याच्या हिशोबाने, थोडी थोडी. साठवर सगळे बोल स्वच्छ निघाले की पासष्ट. वाढवल्यावर ‘धा’ फुटायला लागला तर परत साठ. इतरांच्या व्हिडिओतली लय बघून आपली ठरवू नका. तिथे बसलेल्या माणसाच्या हातात काही वर्षांचा रियाज असतो आणि व्हिडिओ त्याच्या सगळ्यात चांगल्या वाजवण्याचा असतो.

तपासा: ठेका चालू असताना लेहऱ्याचा आवाज अर्ध्या आवर्तनापुरता पूर्ण बंद करा (घरातल्या कोणाला तरी करायला सांगा) आणि पुन्हा चालू करा. सम जिथे असायला हवी तिथेच आहे का? तुम्ही पुढे पळालेले असाल, तर आतापर्यंत लय लेहऱ्याने धरली होती, तुम्ही नव्हे.

## ५. रेकॉर्डिंग आणि सरांना पाठवायचा व्हिडिओ

तास आठवड्यातून एक आणि रियाज रोज असेल, तर चूक पुढच्या तासापर्यंत सहा दिवस हातात मुरते. यावर उपाय म्हणजे आठवड्याच्या मध्यावर एक छोटा व्हिडिओ. सरांना आधी विचारून घ्या. बरेच जण आनंदाने बघतात, पण त्यांना दहा मिनिटांची फाइल पाठवू नका. एक मिनिट, एकच गोष्ट, आणि त्यासोबत एक नेमका प्रश्न. "सर, दुगुनीत तेटे तुटतंय का?" याला उत्तर येतं. "सर, कसं वाटलं?" याला अंगठा येतो.

फोन समोरून आणि किंचित वरून ठेवा. शाई, उजव्या हाताची बोटं आणि डग्ग्यावरचं मनगट तिन्ही दिसायला हवं. चेहरा दिसला नाही तरी चालेल. मागचा कॅमेरा वापरा. सेल्फी कॅमेऱ्यात चित्र आरशासारखं उलटं होऊ शकतं, मग सर उजव्या हाताला सुचवतात ते तुम्ही डाव्याला करता.

लेहरा ज्या फोनवर लावलाय त्याच फोनवर इअरफोन लावून रेकॉर्ड करू नका. लेहरा तुमच्या कानात राहतो आणि रेकॉर्डिंगमध्ये नुसता तबला येतो, त्यात लयीची चूक पकडता येत नाही. लेहरा दुसऱ्या फोनवर किंवा स्पीकरवर खोलीत मोठ्याने लावा, म्हणजे दोन्ही एकत्र टिपले जातील.

आपलंच रेकॉर्डिंग ऐकायला नकोसं वाटतं, ते सगळ्यांनाच वाटतं. वाजवल्यावर लगेच ऐकू नका, दुसऱ्या दिवशी ऐका. चुका जास्त स्पष्ट कळतात. मात्र फोनच्या रेकॉर्डिंगवरून डग्गा-तबल्याचा तोल ठरवू नका. फोन मोठा आवाज आपोआप दाबतो आणि लहान आवाज वर आणतो. लय, स्वच्छता, दोन्ही हात एकदम पडतात का, एवढंच त्यात बघा.

## ६. ऑनलाइन तास असेल तर

दुबई, लंडन किंवा न्यू जर्सीत बसून पुण्या-मुंबईतल्या सरांकडे शिकणारे बरेच जण आहेत. तालुक्याच्या गावात शिक्षक नाहीत म्हणून ऑनलाइन शिकणारेही. दुसरा टप्पा मात्र त्यांनीही शक्यतो प्रत्यक्ष करावा. सुट्टीला घरी आलात की पहिले आठ-दहा तास सरांसमोर बसून घ्या. ते जमणारच नसेल तर जवळपास कोणीही ठीकठाक वाजवणारा असेल, भजनी मंडळातला असला तरी चालेल, त्याला महिन्यातून एकदा हात दाखवा.

आता तांत्रिक बाबी, ज्यांवर अनेकांचे तास वाया जातात.

ध्वनी पोचायला थोडा उशीर लागतो, त्यामुळे सर आणि तुम्ही एकत्र वाजवू शकत नाही. प्रयत्नच करू नका. तुम्हाला वाटेल तुम्ही बरोबर आहात, सरांना तुम्ही मागे ऐकू याल, ते लय ओढतील, तुम्ही बिचकाल. सरांनी वाजवायचं, थांबायचं, मग तुम्ही.

लेहरा तुमच्या खोलीत लावा, सरांकडे नाही. सरांकडून येणारा लेहरा तुमच्याकडे उशिरा येतो, त्यावर वाजवलेलं परत जाताना आणखी उशीर होतो, आणि सरांना तुम्ही कायम लयीबाहेर ऐकू येता. लेहरा तुमच्या बाजूला असेल तर लेहरा आणि तबला दोन्ही एकाच उशिराने पोचतात, म्हणजे सरांना ते बरोबर जुळलेलेच ऐकू येतात. एवढी साधी गोष्ट, पण अनेक महिने कोणाच्या लक्षात येत नाही.

कॉलिंगची ॲप माणसाच्या बोलण्यासाठी केलेली असतात. तबल्याला ती गोंगाट समजतात आणि कापून टाकतात. ‘घे’ची आस (मागे घुमत राहणारा नाद) मध्येच तुटते. झूममध्ये ‘ओरिजिनल साउंड’ चालू करा आणि गोंगाट कमी करणारी सोय बंद करा. व्हॉट्सॲप कॉलवर तास घेऊ नका, तिथे हे सहसा हातात नसतं.

परदेशातल्यांनी आणखी एक ध्यानात ठेवावं. युरोप-अमेरिकेत घड्याळं पुढे-मागे होतात, भारतात होत नाहीत. मार्च आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये तासाची वेळ सरांना आधी कळवून ठेवा.

तपासा: पहिल्या ऑनलाइन तासाच्या सुरुवातीला नुसता एक ‘घे’ वाजवून थांबा आणि सरांना विचारा, आस शेवटपर्यंत ऐकू आली का. नाही म्हणाले तर आधी सेटिंग, मग तास.

## ७. व्हिडिओवरून रचना उचलायची वेळ

हात बसला, ठेका लेहऱ्यावर दहा मिनिटं टिकला, सरांनी निदान एक कायदा पलट्यांसह पुरा करून घेतला, म्हणजे आता पडदा तुम्हाला काही शिकवू शकतो. त्याआधी नाही. कायदा कसा चालतो हे एकदा माणसाकडून कळलं की व्हिडिओतल्या कायद्यात काय बघायचं ते कळतं.

सगळ्यांच्या हातातला दिल्लीचा कायदा घ्या:

धा धा ते टे । धा धा तिं ना । ता ता ते टे । धा धा धिं ना

पलटा करताना यातलेच बोल फिरवायचे, बाहेरचा एकही आणायचा नाही. शेवट पहिल्या, भरीच्या अर्ध्यात ‘तिं ना’ आणि दुसऱ्या, खालीच्या अर्ध्यात ‘धिं ना’. उदाहरणार्थ:

धाधा तेटे धाधा तेटे । धाधा तेटे धाधा तिंना
ताता तेटे ताता तेटे । धाधा तेटे धाधा धिंना

हा नियम डोक्यात पक्का असेल, तर व्हिडिओतला कोणताही पलटा ऐकून तुम्ही तपासू शकता. नसेल, तर तुम्ही नुसती अक्षरं पाठ करता आणि लय थोडी हलली की सगळं विसरता.

व्हिडिओवरून घेताना आधी पूर्ण वेगाने, डोळे मिटून, इअरफोनवर दोनतीनदा ऐका. बोल वहीत उतरवा आणि मात्रा मोजा. सोळात किंवा बत्तिसात बसत नसेल, तर एखादं अक्षर निसटलंय, परत ऐका. मग पढंत करा. त्यानंतरच वेग अर्ध्यावर आणून बोटं बघा, आणि तेव्हा आवाज बंद करा. वेग कमी केला की सूर तोच राहतो, पण बोलांच्या कडा पसरतात, त्यामुळे संथ केलेला आवाज ऐकून ‘ते’ कसा वाजवायचा हे ठरवू नका. समोर तोंड करून बसलेल्या वादकाचा तबला तुम्हाला पडद्यावर डावीकडे दिसतो, तेवढी उलटापालट मनात करा. डग्गा उजवीकडे मांडून बसलेले शिकाऊ असतात, हसू नका.

आता सगळ्यात मोठा घोळ: निकास, म्हणजे बोल कोणत्या बोटांनी कसा काढायचा ती पद्धत. ‘तेटे’ कोणी मधल्या आणि पहिल्या बोटाने काढतं, कोणी मधलं-अनामिका जोडून आणि मग तर्जनीने. ‘तिरकिट’चे तर आणखी प्रकार. हे सगळे आपापल्या जागी बरोबर आहेत, वेगवेगळ्या घराण्यांचे आणि गुरूंचे आहेत. पण एकाच हातात तीन निकास एकत्र नांदत नाहीत. लय वाढली की बोटांना कळत नाही कुठला घ्यायचा, आणि तिथेच हात अडतो. म्हणून व्हिडिओतून बोल घ्या, निकास मात्र सरांचाच ठेवा. तुमच्या निकासात ती रचना बसतच नसेल, तर ती बाजूला ठेवा. रचनांना तोटा नाही.

सावध: एका वेळी एकच रचना, आणि एका रचनेला एकच व्हिडिओ. दुसऱ्या चॅनलवर तोच कायदा एखाद्या अक्षराने वेगळा सापडेलच. दोन्ही जोडून तिसराच बनवू नका.

## ८. व्हिडिओतलं सरांकडे नेताना

इथे बिनसतं ते बहुधा बोलण्यामुळे. "सर, त्या अमक्यांनी हे असं वाजवलंय, तुम्ही वेगळं सांगितलं होतं" हे तास चालू असताना, इतर विद्यार्थ्यांसमोर बोललं की उत्तर तुटकच येणार. तास संपल्यावर विचारा, आणि वही घेऊन विचारा: "सर, हा कायदा ऐकून उतरवलाय. मात्रा बरोबर आहेत का, आणि आपल्या निकासात कसा वाजवू?" बहुतेक शिक्षक वही हातात घेतात, एखादं अक्षर बदलतात, आणि कधीकधी त्याचा असा एखादा पलटा देतात जो कोणत्याच व्हिडिओत नसतो.

सरांनी "हे आत्ता नको" म्हटलं तर वहीत त्यापुढे तारीख घालून ठेवा आणि सहा महिन्यांनी पुन्हा दाखवा. सर ठरावीक चार रचनांपलीकडे कधीच जात नसतील आणि प्रत्येक वेळी ‘नको’ म्हणत असतील, तर मात्र दुसरा शिक्षक शोधायला हरकत नाही. जाताना न सांगता गायब होऊ नका, भेटून सांगा. नव्या सरांना पहिल्याच दिवशी जुना निकास वाजवून दाखवा आणि विचारा, हा ठेवू की बदलू. बदल म्हणाले, तर दुसऱ्या टप्प्यावर परत या आणि तेवढे आठवडे व्हिडिओ बंद ठेवा.